‘उचलले’ आणि ‘अटक दाखवली’ यांच्या मधले तास: पोलिसी मारहाणीचा जाब कसा मागायचा?

कोर्टपायरी

मी गेली सतरा वर्षे एका तालुक्याच्या न्यायालयात फौजदारी वकिली करतो आहे. आमच्याकडे दोन शब्दप्रयोग रोज कानांवर पडतात. आरोपीचे नातेवाईक सांगतात, ‘परवा रात्री घरातून उचलले’, आणि पोलिसांचे कागद सांगतात, ‘आज सकाळी दहा वाजता अटक केली’. या दुसऱ्या गोष्टीला वकील, पोलीस आणि न्यायालयातले कर्मचारी असे आम्ही सगळेच ‘अटक दाखवली’ म्हणतो. हे क्रियापद इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वावगे आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याकडे आलेल्या मारहाणीच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या दोन क्षणांच्या मधल्या तासांतल्या आहेत, कारण त्या तासांत तो माणूस कागदोपत्री पोलीस ठाण्यात नसतोच, आणि जो ठाण्यात नव्हताच त्याला तिथे मारले हे पुढे कुणी कसे सिद्ध करायचे?

कायदा अपुरा आहे म्हणून पोलीस सुटतात, असे मला वाटत नाही. कबुली किंवा माहिती काढण्यासाठी दुखापत करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत, आणि दुखापत गंभीर असेल तर दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अटक केलेला माणूस पळून जाऊ नये यासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक बंधन त्याच्यावर घालता येणार नाही, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४६ सांगते. पश्चिम बंगालमधील विधी साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये कोठडीतील मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने तेच पत्र याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी अकरा निर्देश दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेच्या कागदावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी, अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची त्याच वेळी नोंद हवी, कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. यातले बरेचसे पुढे कायद्यातही आले.

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. आरोपीला न्यायालयात हजर करतात तेव्हा दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ त्या वेळी ज्याने रात्री मारले तोच, किंवा त्याच पथकातला दुसरा, आरोपीचा हात धरून शेजारी उभा असतो, आणि संध्याकाळी परत त्याच ठाण्यात जायचे आहे हे आरोपीला ठाऊक असते. तो ‘नाही’ म्हणतो. रिमांडच्या कागदावर ‘आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही’ असे एक वाक्य येते, आणि दोन वर्षांनी खासगी फिर्यादीच्या सुनावणीत नेमके तेच वाक्य त्याच्यावर उलटते.

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा चप्पल हातात घेऊन न्यायालयात आला. चोरीच्या संशयावरून आणलेला, जेमतेम वीस वर्षांचा. तक्रार नाही म्हणाला. पण त्याला एका जागी उभे राहता येत नव्हते. एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर भार देत तो कठड्याला रेलत होता. पोलिसांना बाहेर थांबवून त्याचे तळपाय पाहावेत, अशी विनंती मी केली. दंडाधिकाऱ्यांनी ती मान्य केली आणि त्याला समोर बाकावर बसवले. तळवे टाचेपासून बोटांपर्यंत काळेनिळे पडून सुजले होते. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात तपासणीचा आदेश झाला आणि पोलीस कोठडीऐवजी न्यायालयीन कोठडी मिळाली. पुढे एका शिपायाची एक वेतनवाढ रोखली गेली. प्रकरण तिथेच संपले, आणि ते तिथे का संपले याचा विचार मी आजही करतो. माझे मत असे झाले आहे की जबाबदारी शेवटच्या निकालात ठरत नाही. ती पहिल्या दोन दिवसांच्या कागदांत ठरते किंवा कायमची हरवते. ज्यांनी ही व्यवस्था आतून पाहिली आहे त्यांचे अनुभव मला ऐकायचे आहेत.

रोखठोक

तुमच्या भावना समजतात, पण दुसरी बाजूही मांडायला हवी. ज्याच्या घरी चोरी होते त्याला आपला माल परत हवा असतो, आणि सराईत चोर गोड बोलून काही सांगत नाही. पोलीस कर्मचारी बारा-चौदा तास काम करतात, दगड खातात, आणि एखाद्या गुन्ह्याचा तपास लागला नाही तर ‘पोलीस झोपले आहेत का’ असे विचारणारे आपणच असतो. प्रत्येक थपडेचा हिशेब मागू लागलो तर कोणता अधिकारी धोका पत्करून काम करील? कोठडीत माणूस मेला तर शिक्षा व्हावीच, पण त्याहून खालच्या गोष्टींत पोलिसांना थोडी मोकळीक असावी असे मला प्रामाणिकपणे वाटते.

जुना बिल्ला

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधली नऊ वर्षे गुन्हे प्रकटीकरण पथकात, म्हणजे लोक ज्याला डीबी म्हणतात तिथे होतो. रोखठोक, तुमचा प्रश्न मी तरुणपणी स्वतःलाच विचारत असे आणि तुमचेच उत्तर देत असे, म्हणून तुम्हाला थोडे सविस्तर लिहितो.

पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही, हे ठाण्यातल्या नवख्या शिपायालाही माहीत असते. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमात होते, आता साक्ष अधिनियमाच्या तेविसाव्या कलमात आहे. मग मारतात कशासाठी? मुद्देमालासाठी. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो, म्हणून निवेदन पंचनामा करायचा आणि माल हस्तगत झाल्याचे दाखवायचे. दर महिन्याच्या गुन्हे बैठकीत वरिष्ठ एकच गोष्ट विचारतात: किती गुन्हे उघडकीस आणले आणि किती किमतीचा माल मिळाला? हा माल कसा मिळाला, असे मला पूर्ण नोकरीत एकाही बैठकीत कुणी विचारले नाही. ज्या पट्ट्याला ठाण्यात लाडाने नाव ठेवलेले असते तो पट्टा भिंतीवर कुणी टांगलेला नसतो, तो आकड्यांच्या या मागणीने टांगलेला असतो.

मार खाऊन माणूस काय करतो तेही सांगतो. तो सांगा त्या गुन्ह्याला होकार देतो. एका मुलाने आमच्याकडे सात मोटारसायकली चोरल्याचे कबूल केले होते. त्यांतल्या दोन गाड्या, ज्या दिवशी चोरीला गेल्या त्या दिवशी तो हाड मोडून रुग्णालयात दाखल होता, हे नंतर त्याच्या आईने कागद आणून दाखवले. खरा चोर तोवर मोकळा फिरत होता. मी स्वतः त्या मुलावर हात उचलला नव्हता, पण मी दाराशी उभा होतो आणि दार मीच लावले होते. हे लिहायला मला बरीच वर्षे लागली.

वकीलसाहेब, एका शिपायाची वेतनवाढ रोखून प्रकरण का संपले, असे तुम्ही विचारले आहे. ठाण्यात जे घडते ते प्रभारी अधिकाऱ्याला माहीत नसते, असे होत नाही. पण चौकशी लागली की ज्याच्या हातात काठी होती तो निलंबित होतो, आणि ज्याने ‘संध्याकाळपर्यंत मला माल पाहिजे’ असे सांगितले त्याची साधी बदली होते. तोंडी हुकूम कुठल्याही डायरीत लिहिलेला नसतो. त्यामुळे खालच्या माणसालाही तोंड उघडण्यात काही लाभ दिसत नाही. तो बोलला तर साहेब दुखावतात, आणि पुरावा नसल्याने साहेबांचे काही वाकडेही होत नाही. जबाबदारी जोवर त्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाही, तोवर दर काही वर्षांनी नवा शिपाई बळी जाईल आणि मारहाण तशीच चालू राहील.

केसपेपर

मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. या साखळीत डॉक्टरांची चूक किती मोठी आहे, यावर फारसे बोलले जात नाही, म्हणून लिहितो.

रात्री अकराला जीप येते. एका हातात यादी आणि दुसऱ्या हातात आरोपीचा दंड धरलेला हवालदार म्हणतो, ‘डॉक्टर, पटकन फिटनेस द्या, उद्या कोर्ट आहे.’ बाहेर बाळंतीण असते, सर्पदंशाचा रुग्ण असतो. रक्तदाब आणि नाडी पाहायची, ‘अंगावर ताज्या जखमा नाहीत’ असे लिहायचे आणि शिक्का मारायचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही असे कागद दिले आहेत. शर्ट काढायला न सांगता ‘जखमा नाहीत’ असे लिहिणे हे खोटे प्रमाणपत्र आहे, हे मला कुणी शिकवले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे. अंगावरच्या जखमा, मारहाणीच्या खुणा आणि त्या साधारण केव्हा झाल्या असाव्यात याची नोंद डॉक्टरने करायची असते आणि अहवालाची प्रत अटक झालेल्या माणसाला किंवा तो सांगेल त्याला द्यायची असते. हे शेवटचे वाक्य नातेवाइकांनी पाठ करून ठेवावे. प्रत मागणे हा त्यांचा हक्क आहे, आणि मी इतक्या वर्षांत ती मागणारे दोनच नातेवाईक पाहिले आहेत.

जखम बोलते, पण ती थोडेच दिवस बोलते. गोल काठीचा किंवा रुळाचा फटका बसला की कातडीवर रेल्वेच्या रुळांसारखे दोन समांतर लाल वळ उठतात आणि मधली पट्टी फिकट राहते. पडल्यामुळे किंवा झटापटीत असे वळ उठत नाहीत. तो वळ आधी लाल, मग निळा-जांभळा, मग हिरवट आणि शेवटी पिवळट होत जातो. रंगावरून तास नेमके सांगता येत नाहीत, पण हिरवा-पिवळा पडलेला वळ घेऊन आलेल्या माणसाला ‘आज सकाळी अटक केली’ असे कागद म्हणत असेल, तर कुणाचे तरी म्हणणे खोटे आहे एवढे निश्चित सांगता येते. वकीलसाहेब ज्या मधल्या तासांबद्दल लिहीत आहेत, त्यांचा एकमेव साक्षीदार बहुतेक वेळा तो वळ असतो. म्हणून आता मी पोलिसांना पडद्याबाहेर थांबवतो, अंगावरचे कपडे काढायला सांगतो, तळपाय, मांड्यांची मागची बाजू आणि तळहात पाहतो, आकृतीवर खुणा करून लांबी-रुंदी लिहितो आणि रुग्ण जे कारण सांगतो ते त्याच्याच शब्दांत अवतरणात घालतो. याला पंचवीस मिनिटे लागतात. एकदा एका अधिकाऱ्याने यावरून माझ्या वरिष्ठांना फोन केला होता. वरिष्ठांनी मला बोलावून अहवाल वाचला आणि ‘बरोबर आहे, असेच लिहीत जा’ एवढेच म्हटले. प्रत्येकाला असे वरिष्ठ मिळत नाहीत, हेही खरे.

उगवती

मी सहसा लिहीत नाही, पण आज मला मदत हवी आहे. माझ्या धाकट्या भावाला मागच्या आठवड्यात मोबाइल चोरीच्या संशयावरून ‘फक्त चौकशीला’ म्हणून संध्याकाळी सात वाजता घरून नेले. रात्री मी आणि वडील ठाण्यात गेलो, तर ठाणे अंमलदारांनी ‘असा कुणी इथे नाही’ असे सांगितले. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. पहाटे तीनच्या सुमाराला आतून त्याचा आवाज आला. तो ‘दादा’ म्हणून हाक मारत होता की ओरडत होता हे मला सांगता येणार नाही, पण आवाज त्याचाच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला सोडून दिले. अटक दाखवलीच नाही. मोबाइल दुसऱ्याच कुणाकडे सापडला. भावाच्या दोन्ही मांड्यांवर डॉक्टरांनी सांगितले तसे दुहेरी वळ आहेत आणि उजवा कान दुखतो, ऐकू कमी येते. वडील म्हणतात, सुटला हे नशीब, आता पुन्हा त्यांच्या वाटेला जायला नको. भाऊ घराबाहेर पडत नाही. आज सहावा दिवस आहे. आता काही करता येईल का, की उशीर झाला?

केसपेपर

उगवती, उशीर झालेला नाही, पण आणखी दिवस घालवू नका. आजच सरकारी रुग्णालयात जा, ‘पोलिसांनी मारले’ हे स्पष्ट सांगा आणि वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद करायला लावा. कानाच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या आणि श्रवणचाचणी करून घ्या, कारण गालावर किंवा कानावर उघड्या हाताने मारल्यास पडदा फाटू शकतो आणि तो काही आठवड्यांत भरूनही येतो. तो भरला की पुरावा गेला. वळांचे फोटो दिवसाच्या उजेडात, बाजूला मोजपट्टी ठेवून, चेहरा आणि जखम एकाच चौकटीत येईल असा निदान एक, असे घ्या. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका.

कोर्टपायरी

उगवती, डॉक्टरांनी सांगितले ते पहिले काम. ते आजच झाले पाहिजे. बाकीचे मी अंदाजे क्रमाने लिहितो, पण कागद पाहिल्याशिवाय सल्ला पूर्ण होत नाही, म्हणून एखादा वकील गाठाच. पैशांची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

मुळात तुमच्या भावाला असे न्यायलाच नको होते. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे लेखी नोटीस देऊन चौकशीला बोलावायचे असते. नोटीस नाही, अटक नाही आणि रात्रभर आत ठेवले, याला कायद्याच्या भाषेत बेकायदा अडकवून ठेवणे म्हणतात. स्वातंत्र्यावर बंधन आले त्या क्षणीच अटक सुरू होते, कागदावर काय वेळ टाकली आहे यावर ते ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितले आहे.

तुमच्याजवळ आज सगळ्यांत मोलाचा पुरावा ठाण्याच्या कॅमेऱ्यांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात असा आदेश दिला की प्रत्येक पोलीस ठाण्याचे प्रवेशद्वार, कोठड्या, मार्गिका, अधिकाऱ्यांच्या खोल्या, मागचा भाग, अशा सर्व ठिकाणी आवाजासह चित्रण करणारे आणि रात्रीही दिसेल असे कॅमेरे हवेत, आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपून ठेवले पाहिजे. कॅमेरे चालू ठेवण्याची आणि चित्रण राखण्याची जबाबदारी त्या आदेशाने थेट ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर टाकली आहे. जुना बिल्ला यांनी ज्या खुर्चीचा उल्लेख केला, तिथवर पोहोचणारी ही एक वाट आहे. म्हणून आजच पोलीस अधीक्षकांना अर्ज द्या: अमुक तारखेच्या संध्याकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचे सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण आणि त्या काळातील ठाणे दैनंदिनी जतन करावी. अर्ज हाती द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिवाय नोंदणीकृत टपालानेही पाठवा. पुढे ‘कॅमेरा बंद होता’ असे उत्तर आले, तर तो का बंद होता आणि बंद असल्याचे कुणाला कळवले होते, याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल.

तुम्ही आणि वडील रात्रभर ज्या बाकावर बसला होता, तिथून कुणाला फोन केले होते का? त्या फोनच्या नोंदी आणि मोबाइलचे ठिकाण जपून ठेवा. ‘असा कुणी इथे नाही’ असे सांगणाऱ्या अंमलदाराचे नाव माहीत नसेल तर वर्णन आणि वेळ आजच लिहून ठेवा. स्मरण चार आठवड्यांत बदलते, आणि उलटतपासणीत तो बदलच दाखवला जातो.

आता पुढच्या वाटेबद्दल, आणि इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. गुन्हा नोंदवायला पोलिसांनी नकार दिला तर अधीक्षकांकडे आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत लोकसेवकाविरुद्धच्या तक्रारीसाठी आणखी एक पायरी आली आहे: कर्तव्य बजावताना घडलेल्या गोष्टीबद्दल तक्रार असेल, तर दंडाधिकाऱ्यांनी आधी त्या लोकसेवकाचे म्हणणे आणि त्याच्या वरिष्ठांचा अहवाल विचारात घ्यायचा. त्यापुढे कलम २१८ ची मंजुरी आहे, म्हणजे लोकसेवकावर खटला चालवायला सरकारची परवानगी. कोठडीत मारणे हे कर्तव्याचा भाग असूच शकत नाही, त्यामुळे मंजुरी लागत नाही, हा आमचा युक्तिवाद. कर्तव्य करताना मर्यादा ओलांडली तरी संबंध कर्तव्याशीच आहे, त्यामुळे मंजुरी हवीच, हा त्यांचा. दोन्ही बाजूंना आधार देणारे निकाल आहेत, आणि या एका मुद्द्यावर खटले वर्षानुवर्षे अडकलेले मी पाहिले आहेत. नव्या कायद्यात एक गोष्ट चांगली झाली. सरकारने एकशेवीस दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असे मानले जाते. पूर्वी फाइल नुसती पडून राहत असे.

याला समांतर, पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिलेल्या निकालानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य आणि विभागीय पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. तिथे तक्रार करा. मानवी हक्क आयोगाकडे जायचे तर घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते.

रोखठोक, तुम्हाला एक सांगतो. नागपूरमध्ये १९९३ साली एका संशयिताचा पोलीस कोठडीत मारहाणीने मृत्यू झाला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोषी पोलिसांची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षे केली, ती २०१८ मध्ये. पंचवीस वर्षे. ‘मेला तर शिक्षा व्हावीच’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या शिक्षेला किती काळ लागतो हेही धरून चालले पाहिजे. आणि ज्या रात्री तो माणूस मेला, त्या रात्रीही आत असलेल्यांनी ‘आपण मारून टाकू’ असे ठरवले नसणार. थप्पड कुठे थांबेल हे मारणाऱ्याच्या हातात राहत नाही.

रोखठोक

उगवती यांचा प्रतिसाद वाचून मी माझे आधीचे लिखाण पुन्हा वाचले. ‘थोडी मोकळीक’ हे शब्द मी लिहायला नको होते. माझ्या मनात सराईत गुन्हेगार होता; मोबाइल दुसऱ्याकडे सापडला असा मुलगा नव्हता. पण ठाण्यात नेताना कोण कोणता आहे हे ठरलेले नसते, हे मला तेव्हा सुचले नाही. एक खरा प्रश्न मात्र उरतो. पुरावा पोलिसांच्याच हाती असेल, तर सिद्ध करण्याचा भार मार खाणाऱ्यावर का?

कोर्टपायरी

हा प्रश्न विधी आयोगाने १९८५ मध्येच विचारला होता. आपल्या ११३व्या अहवालात आयोगाने सुचवले होते की माणूस पोलीस कोठडीत असताना त्याला दुखापत झाली असे पुराव्यात आले, तर ती त्याला ताब्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे. तशी तरतूद अजून झालेली नाही. २०२३ मध्ये पुरावा कायदा नव्याने लिहिला गेला तेव्हा ती संधी होती, आणि ती गेली याचे मला मनापासून वाईट वाटते. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अनुमोदन दिलेले नाही, आणि त्यासाठीचे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत संमत होऊनही पुढे बारगळले. आज आमच्या हातात साक्ष अधिनियमाचे कलम १०९ आहे: जी गोष्ट विशेषकरून एखाद्याच्याच माहितीतली आहे, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. त्याचा उपयोग होतो, पण त्यासाठी आधी माणूस त्यांच्या ताब्यात होता हे आम्हाला दाखवावे लागते. म्हणजे पुन्हा तेच मधले तास.

जुना बिल्ला

उगवती ताई किंवा दादा, जे असाल ते, मी एक सांगू का? अर्ज द्यायला त्या ठाण्यात एकटे जाऊ नका, आणि भावाला तर नेऊच नका. अधीक्षक कार्यालयात आवक विभाग असतो, तिथे द्या. कुणी मध्यस्थ घरी येईल, ‘कशाला वाढवता, साहेब चांगले आहेत, मुलाच्या पुढच्या आयुष्याचा विचार करा’ असे सांगेल. तो आला की तारीख, वेळ आणि त्याचे शब्द लिहून ठेवा. त्याच्यावर ओरडू नका, त्याला चहाही विचारा, पण त्याने आणलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नका. ‘आमची काही तक्रार नाही’ असा जबाब अशाच एखाद्या दुपारी घेतला जातो. मी असे जबाब लिहून घेतले आहेत, म्हणून सांगतो.

आणि ठाणे दैनंदिनीत त्या रात्रीची नोंद नसेल, तरी जीपच्या लॉगबुकमध्ये असू शकते. गाडी सात वाजता तुमच्या भागात का आली होती, किती किलोमीटर फिरली, कोण बसले होते, हे चालक लिहितो, कारण डिझेलचा हिशेब त्याला द्यायचा असतो. दैनंदिनी बदलताना लॉगबुक बदलायचे लोक विसरतात. अर्जात तेही मागा.

उगवती

सर्वांचे आभार. मी बहीण आहे. काल भावाला रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी ‘कशाने लागले’ या रकान्यात ‘मारहाण’ एवढेच लिहिले होते. मी केसपेपर यांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी भावाला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावून ते अवतरणात लिहिले. उजव्या कानाच्या पडद्याला छिद्र आहे. अहवालाची प्रत मागितली आणि मिळाली.

आज वडील माझ्याबरोबर अधीक्षक कार्यालयात आले. येणार नाही म्हणाले होते, पण निघताना स्वतःच चपला घालून दाराशी उभे राहिले. चित्रण, दैनंदिनी आणि जीपचे लॉगबुक, तिन्ही जतन करण्याचा अर्ज दिला. आवक विभागातल्या कारकुनाने आधी ‘प्रत ठेवून जा, पोच नंतर मिळेल’ असे सांगितले. वडील म्हणाले, आम्ही थांबतो, आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले. चाळीस मिनिटांनी शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली प्रत आमच्या हातात पडली. विधी सेवा समितीची भेट सोमवारी आहे. भावाने आज प्रथमच विचारले की त्या अर्जात काय लिहिले आहे, आणि मी त्याला तो वाचून दाखवला, त्याच्या डाव्या बाजूला बसून.